तिसऱ्या टेकमधला सूर

"काकू, तुमच्या रेकॉर्डमध्ये तुम्ही आहात तरी कुठे?"

प्रश्न मी विचारला, पण तो माझा नव्हता. टाचणीचा होता. टाचणी माझी वर्गमैत्रीण. दिवसातून कुणाला तरी टोचल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही, म्हणून टाचणी. आणि विचारायची जागा ठरवली होती गोगलगायीने, जी सगळीकडे उशिरा पोचते पण नसत्या कल्पना मात्र सगळ्यांच्या आधी लढवते. जागा होती आमच्या इमारतीची लिफ्ट. "तिथून त्यांना पळता येणार नाही," ती म्हणाली. मलाही पळता येणार नव्हतं, हे तिने सांगितलं नाही.

झालं असं. आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहतात आणि त्या डबल बेस वाजवतात. व्हायोलिन कुणी ताणून ताणून माणसाहून उंच केलं तर कसं दिसेल, तसं ते वाद्य. उभं राहून, त्याला मिठी मारल्यासारखं धरून, जाड तारा बोटांनी ओढायच्या. काकू ते काळ्या पिशवीत घालून नेतात तेव्हा कुणी कपाट घेऊन घर बदलतंय असं वाटतं. लिफ्टमध्ये काकू आणि कपाट शिरले की बाकीच्यांनी जिना धरायचा, असा आमच्या इमारतीचा न लिहिलेला नियम.

टाचणीला शोध लागला की ह्या कपाटकाकूंच्या चक्क रेकॉर्ड आहेत. जॅझच्या. एकदोन नाही, चांगल्या ढीगभर, आणि सगळ्या छोट्या मंडळींच्या. कुठे तिघं वाजवणारे, कुठे दोघंच. आम्ही जिन्यात बसून तिच्या फोनवर ऐकायला लागलो. पियानो होता. दुसरीत सॅक्सोफोन होता. काकू कुठेच नव्हत्या.

"फोटोपुरत्या उभ्या राहत असतील," गोगलगाय म्हणाली.

"विचार ना त्यांना," टाचणी माझ्याकडे वळली. "स्टेजवर एवढा गळा काढतेस. का घाबरलीस?"

आता, मला 'घाबरलीस' म्हणायचं काम नाही. कारण मी खरंच घाबरायचे. आत्ता आत्तापर्यंत वर्गात हजेरीला 'हजर' म्हणताना माझा आवाज घशातच राहायचा आणि बाई मला गैरहजर लावायच्या. मग आईने मला गाण्याच्या क्लासला घातलं, आणि आत कुठेतरी बूच अडकलं होतं ते उडालं. आता मी शाळेच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पुढे उभी असते, मधला माइक माझा असतो आणि अख्खी शाळा मला भोंगा म्हणते. मला आवडतं.

तर भोंग्याने विचारलं. माझ्या आणि काकूंच्या मध्ये ते कपाट होतं, त्यामुळे मला त्यांची फक्त हनुवटी दिसत होती.

"कशावर ऐकलंत?" हनुवटी म्हणाली.

"फोनवर."

"फोनवर मी नसतेच. त्याचा स्पीकर नखाएवढा. खालचे सूर त्याला झेपत नाहीत, मग तो ते गाळून टाकतो. घरात मोठे स्पीकर आहेत का?"

"बाबांचे आहेत. माळ्यावर."

"काढ खाली. ऐक. मग हाच प्रश्न परत विचार."

लिफ्ट उघडली. जिन्यावरून धावत आलेल्या दोघी दाराशी धापा टाकत उभ्या होत्या. काकू कपाट सांभाळत बाहेर पडल्या आणि त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "छान विचारलं हिने. न अडखळता."

बाबांचं चष्म्यांचं दुकान आहे आणि आई लोकांना गाडी चालवायला शिकवते. दोघंही दिवसभर अनोळखी माणसांशी गोड बोलून दमलेले असतात, म्हणून घरी एकमेकांशी मोकळेपणाने भांडतात. माळ्यावरचे स्पीकर हा त्यांचा आवडता विषय. लग्नाआधीचे, लाकडी, बाबांच्या कमरेइतके उंच.

"शेवटी कुणाला तरी लागले," बाबा स्टुलावर चढत म्हणाले.

"पंधरा मिनिटं लागतील आणि परत वर जातील," आई खालून म्हणाली. "पडू नका. हातात काय आहे बघा आधी, मग पाय टाका. गिअर टाकताना क्लच विसरता तसं नको."

धूळ पुसून, तारा जोडून, त्यांनी काकू आणि एका पियानोवाल्याची रेकॉर्ड लावली. दोघंच. मी जमिनीवर पाय पसरून बसले होते, आणि पहिला सूर मला कानांच्या आधी मांड्यांना कळला. टीव्हीखालच्या कपाटाची काच बारीक कुरकुरली. फोनवर हाच पियानो मला वेडाबागडा वाटला होता. दोन सूर वाजवायचा, थांबायचा, परत कुठूनतरी भलतीकडून सुरू करायचा. आता कळलं की तो थांबत होता कुणासाठी. जिथे जिथे मला भोक ऐकू आलं होतं, तिथे तिथे काकू उभ्या होत्या. नुसत्या उभ्या नाही, त्या पियानोला कोपराला धरून रस्ता ओलांडून नेत होत्या.

मी रेकॉर्ड संपल्यावर तशीच वर गेले.

"काकू, मला शिकवा."

"प्रश्न परत विचारायचं ठरलं होतं आपलं."

"प्रश्न गेला. मला हे वाजवायचंय."

"मी शिकवत नाही," काकू म्हणाल्या. "आणि गाणाऱ्यांना तर मुळीच नाही. गाणाऱ्या माणसाला वरचंच ऐकू येतं. खाली काय चाललंय ह्याचा त्याला पत्ता नसतो, आणि मध्ये जरा जागा मोकळी दिसली की तो तिथे गाऊन टाकतो." आणि दार लावलं. अगदी हळू, शांतपणे, त्यामुळे रागही धरता येईना.

मी दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना परत बेल वाजवली. तिसऱ्या दिवशीही. काकूंनी एकदा साबणाच्या हातांनी दार उघडलं, एकदा बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळत. एकदा उघडलंच नाही, पण आतून म्हणाल्या, "मला माहितीये कोण आहे." मी बाहेरून म्हणाले, "मग वेळ कशाला घालवायचा?" आतून हसल्याचा आवाज आला. पूर्वी मी शेजाऱ्यांकडे विसरलेली छत्री मागायलासुद्धा जात नसे. आणि खरं सांगते, दारावर उभं राहून नकार ऐकायची मला मजाच वाटायला लागली. आज नाही म्हणतील ते कसं म्हणतील, हे बघायचं.

शेवटी त्यांनी मला आत घेतलं, कपाट मध्ये न ठेवता समोर बसवलं आणि अट सांगितली.

"माझ्या तीन रेकॉर्ड ऐक. नीट. ऐकताना माझा भाग गायचा, चाल नाही. सवय झाली की माझ्या रेकॉर्डिंगला ये. तिथे आम्ही जे वाजवू ते एकदा ऐकून मला माझा भाग गाऊन दाखवायचा. पाठ केलेलं चालणार नाही. जमलं तर रविवारी सकाळी शिकवीन. नाही जमलं तर ती बेल परत वाजवायची नाही."

"ठीक आहे."

"नाही जमलं तर, म्हटलंय मी."

"ऐकलं मी. ठीक आहे."

खरी अडचण पुढे होती. रविवारी सकाळी आमच्या गाण्याच्या ग्रुपची तालीम असते. शाळाशाळांची स्पर्धा तोंडावर आलेली आणि मधला माइक माझा. घरी मी विषय काढला तेव्हा बाबांनी आधी हसण्यावारी नेलं.

"पुढे उभी असतेस तर किती छान दिसतेस. त्या एवढ्या मोठ्या लाकडामागे दिसशील तरी का?"

आई हसली नाही. ताटं आवरता आवरता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला काय वाटतं सांगू? तू मागे जाऊन उभी राहशील, आणि मग हळूहळू परत पहिल्यासारखी गप्प होशील. ते दिवस मी काढलेत. तुझ्या बाईंचे फोन मी घेतलेत."

 मी एवढंच म्हणाले, "आधी मला जमतंय का ते तरी बघू." आई म्हणाली, "बघ. पण तालमी बुडवायच्या नाहीत." ते मी कबूल केलं.

मग सुरू झालं माझं ऐकणं. पहिली रेकॉर्ड तिघांची होती: गिटार, ड्रम आणि काकू. ती सोपी. काकू त्यात चालतात. खरंच चालतात, एका पावलाला एक सूर, आणि मी त्यांच्या मागून चालायचे. शाळेला जाताना तर ती फारच उपयोगी. आईच्या शिकवणीच्या गाडीत मागे बसून मी एकदा 'दुम दुम दुम दुम' करत होते, तर पुढे चाक धरून बसलेला तिचा विद्यार्थी घाबरून म्हणाला, "मॅडम, इंजिनातून काहीतरी आवाज येतोय." आई म्हणाली, "ते इंजिन माझंच आहे. तुम्ही आरशात बघा."

दुसरी रेकॉर्ड काकू आणि सॅक्सोफोनवाल्याची. ती अवघड. ड्रम नाही, गिटार नाही, दोघंच उघड्यावर. सॅक्सोफोन एवढा बोलका की माझा गळा आपोआप त्याच्यामागे धावायचा आणि चारदोन ओळींनी लक्षात यायचं की मी पुन्हा चालच गातेय. मग परत पहिल्यापासून. बाबा दुकानातून आले की म्हणायचे, "अजून तेच गाणं?" मी म्हणायचे, "अजून त्याच्या आत शिरतेय." एकदा ते बूट न काढताच दाराशी उभे राहून ऐकत राहिले आणि म्हणाले, "आत्ता ती थांबली ना? बाई?" बाबांना ऐकू यायला लागलं होतं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "स्पीकर वर कधी जाणार?" बाबांनी आवाज थोडा वाढवला.

तिसरी पियानोबरोबरची, मी पहिल्यांदा ऐकलेली. तिच्यात पियानोचा डावा हात खाली उतरतो, काकूंच्या घरात शिरतो, आणि कोणता सूर कुणाचा हे कळेनासं होतं. पण ऐकून ऐकून कळायला लागलं. पियानोचा सूर टक्‌ करून सुरू होतो आणि विझत जातो. काकूंचा सूर बोटाने सुरू होतो. त्या बोटाचाही आवाज असतो, कातडीचा, तार सोडतानाचा.

तालमींना मी जात होते. पण तालमीत आता मला आमच्याच गाण्यात खाली काही नाही हे ऐकू यायला लागलं. सगळ्या आम्ही वर, गच्चीवर गर्दी करून उभ्या असल्यासारख्या, आणि खाली मजलेच नाहीत. गाण्याच्या बाई म्हणाल्या, "भोंगा, लक्ष कुठे आहे तुझं?" मी म्हणाले, "खाली." टाचणी फिस्सकन हसली. तीही त्याच ग्रुपमध्ये माझ्या उजव्या हाताला उभी असते आणि माझ्यापेक्षा वर पोचते, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

रेकॉर्डिंगचा दिवस उजाडला. सुट्टीचा दिवस होता, पण रविवार नव्हे, म्हणजे तालीम बुडत नव्हती. मी काकूंबरोबर कपाट उचलत, दारं धरत, टॅक्सीवाल्याची बोलणी खात स्टुडिओत पोचले. स्टुडिओ म्हणजे एक बुटकी, जाड भिंतींची खोली, खाली गालिचा, भिंतीवर जाड कापडाचे तुकडे, आणि एका बाजूला मोठी काच. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा दादा, त्याच्यासमोर बटणंच बटणं. पियानो खोलीत, आणि त्याच्यासमोर हातभर अंतरावर काकूंची जागा. मध्ये पडदा नाही, कानाला हेडफोन नाहीत.

"बाकीचे लोक वेगवेगळ्या खोल्यांत वाजवतात," दादाने मला सांगितलं. "म्हणजे एकाचं चुकलं तर तेवढंच बदलता येतं. ह्या दोघांचं, काकूंचं आणि पियानोवाल्यांचं, तसं नाही. एका खोलीत बसणार. ह्यांच्या माइकमध्ये ते, त्यांच्या माइकमध्ये ह्या. एकाला पुसायचं म्हटलं तर दुसराही पुसला जाणार."

पियानोवाले काका आले ते बगलेत स्वतःची उशी घेऊन. टकलावरचा घाम पुसत त्यांनी मला न्याहाळलं.

"ही कोण? कागद उलटायला आणलीस? आपल्याकडे कागद कुठे असतात?"

"माझा भाग गाऊन दाखवणार आहे," काकू म्हणाल्या.

"तुझा भाग तुला तरी गाता येतो का?"

"तू उशी नीट ठेव. मागच्या वेळी घसरलास."

"घसरलो नव्हतो. मी मुद्दाम उशिरा आलो त्या सुरावर."

हे असं त्यांचं तरुणपणापासून चाललंय म्हणे. पण वाजवायला लागले की एक शब्द नाही. आणि वाजवून झाल्यावर एक नियम, जो दादाने मला आधीच कानात सांगितला, मी काही बोलून बसू नये म्हणून. एक धून ते तीनदा वाजवतात, म्हणजे तिचे तीन टेक. मग काचेपलीकडे येऊन तिन्ही ऐकतात. ऐकून झाल्यावर ज्याने त्याने फक्त दुसऱ्याबद्दल बोलायचं. आपल्या स्वतःच्या वाजवण्याबद्दल चकार शब्द नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. काकांनी सांगायचं काकूंनी कशात छान वाजवलं, काकूंनी सांगायचं काकांनी कशात. दोघांनी एकच टेक निवडला तर तो ठेवायचा. नाही तर तिन्ही टाकून परत वाजवायचं. "स्वतःचं ऐकत बसलं की माणूस लाडात येतो," दादा म्हणाला. "त्यांचं म्हणणं."

तीन टेक झाले. मी दादाशेजारी स्टुलावर बसून, ओठ मिटून, आतल्या आत काकूंच्या मागे होते. पहिला जरा घाईचा. दुसरा नेटका. तिसऱ्यात मधोमध एका ठिकाणी काकांनी डाव्या हाताने खालचा एक सूर ठणकावला आणि हात उचलला, आणि दोघंही थांबले. काकूंनी तारांवरून हात काढून बोटं झटकली. त्यांच्या बोटात गोळा आला होता, ते मला काचेतून दिसलं. मग पुन्हा दोघं एकदम निघाले, कुणी खूण न करता. माझ्या अंगावर काटा आला.

ते आत आले, ऐकलं. ऐकताना काका डोळे मिटून होते आणि काकू जमिनीकडे बघत होत्या.

"दुसरा," काका म्हणाले. "तिचं दुसऱ्यात छान आहे."

"तिसरा," काकू म्हणाल्या. "ह्याने आजवर असं वाजवलं नाहीये."

 नियम म्हणजे नियम. परत वाजवायचं. पण काकूंच्या बोटावरची पट्टी ओली दिसत होती, आणि काकांनी उशी उचलली नव्हती.

"थांब," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू. तिसऱ्यात मी काय केलं, गा."

आता मागे कुठे जायचं. मी सुरू केलं. दुम, दुम, दू-दुम. चार ओळींनंतर काकांनी एक डोळा उघडला. नंतर दुसरा. मी मधोमध त्या जागेपर्यंत आले, जिथे दोघं थांबतात, आणि तिथे एक सूर लांबवला. हळू, दबका, तोंड न उघडता. मग पुढचं.

"थांब," काकू म्हणाल्या. चेहरा उतरला होता त्यांचा. "तिथे काय गायलीस?"

"तुमचा सूर."

"तिथे मी काहीच वाजवलं नाही. हात काढले होते मी. बघ, जागा मोकळी दिसली आणि गाऊन टाकलीस. सांगितलं होतं तुला."

एक क्षण मला हजेरीतला तो घसा आठवला. सोपं होतं, 'सॉरी काकू' म्हणायचं, गप्प बसायचं, घरी जायचं. पण मी तो सूर ऐकला होता. ऐकला म्हणजे ऐकला.

"मी नाही घातला तो," मी म्हणाले. "तो होता. तुम्ही हात काढलेत हे मी बघितलं. तरी होता."

"भूत वाजवून गेलं का मग?"

"ते मला माहीत नाही. पण तो पियानोचा नव्हता. पियानोचा आवाज टक्‌ करून सुरू होतो. हा टक्‌ न करता आला."

"तू मला सांगतेस मी काय वाजवलं?"

"तुम्हीच गा म्हणालात."

दादाने खुर्ची फिरवली. "वाद कशाला? फक्त काकूंचा माइक लावतो." त्याने पियानोचा माइक बंद केला. पियानो लांब गेला, शेजारच्या घरातून यावा तसा. काकांचा ठणकावलेला सूर लांबून आला आणि गेला. आणि मग, तो गेल्यावर, खालून, बोटाचा आवाज नाही, काही नाही, नुसती एक गुणगुण. हळूच वर येऊन राहिली आणि मावळली.

 दादाने परत लावलं. परत तेच.

"तार," काकू म्हणाल्या. "माझी मोकळी तार. ह्याने खाली तोच सूर मारला आणि माझी तार आपणहून वाजली." त्या आपल्या हाताकडे बघत होत्या. "एरवी मी थांबले की तळवा तारांवर ठेवते, गप्प करते त्यांना. आज बोटात गोळा आला म्हणून हात काढला."

"ती गुणगुण मला वाजवतानाच ऐकू आली होती," काका हळूच म्हणाले. "मला वाटलं सूर लांबवायच्या पेडलवर माझा पाय अडकून राहिला. म्हणून तिसरा नको म्हणालो."

"मग बोलला का नाहीस?"

"स्वतःबद्दल बोलायचं नसतं. नियम कुणाचा आहे? तुझाच."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना स्टुलाचा आधार घ्यावा लागला. काकांना वाटत होतं चूक त्यांची, म्हणून ते गप्प. काकूंना वाटत होतं आपण वाजवलंच नाही, म्हणून त्यांना तो सूर ऐकूच आला नाही. त्या नियमाने इतकी वर्षं दोघांना भांडणापासून वाचवलं होतं आणि आज दोघांच्या मधला सूर दोघांपासून लपवला होता.

"हा ना तुझा, ना माझा," काका उशी झटकत म्हणाले. "ठेवू या का?"

"तू निवड. मी तिसरा आधीच सांगितलाय."

"तिसरा," काका म्हणाले.

दादाने कसलंसं बटण दाबलं. पुढच्या धुनेसाठी काका आत गेले. काकू दाराशी थांबल्या, बोटाची पट्टी सोडवून नवी गुंडाळत.

"बाकीचा भागही बरोबर गायलीस," त्या म्हणाल्या. "एका ठिकाणी सूर खाली गेला. ते सुधारू. रविवारी ये. नखं कापून."

"रविवारी माझी गाण्याची तालीम असते."

"ते तुझं तू बघायचं. मी अर्ध्या लक्षाची शिष्या घेत नाही." आणि दार लागलं.

घरी जाताना मी वाटेतच टाचणीला फोन केला.

"मी ग्रुप सोडतेय. बेस शिकणार आहे."

"वेडी आहेस का? आणि मधला माइक?"

"तू घे."

 टाचणी गप्प होऊ शकते हे मला आज कळलं.

"तू... थट्टा करत नाहीयेस ना?" ती शेवटी म्हणाली.

"तू माझ्यापेक्षा वर पोचतेस. बाईंना मी सांगते."

"आधी घरी सांग," टाचणी म्हणाली. "तुझी आई मला कच्चं खाईल."

आई आणि बाबा दोघंही जेवायच्या टेबलाशी होते. बाबा कुणाच्या तरी चष्म्याची दांडी घट्ट करत होते, आई फोनवर उद्याच्या विद्यार्थ्यांच्या वेळा जुळवत होती. मी पाणी प्यायले आणि उभीच राहिले. बसून सांगितलं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं.

"काकूंनी मला घेतलं," मी म्हणाले.

आईने फोन खाली ठेवला. बाबांनी दांडी.

"जमलं?" बाबांनी विचारलं.

"जमलं. एका ठिकाणी काकू म्हणाल्या, तू चुकलीस. मी म्हणाले, नाही. काकू मोठ्या आहेत, त्यांची रेकॉर्ड आहे, त्यांचं वाद्य आहे. काकांसमोर, दादासमोर त्या मला चुकीची म्हणाल्या. आणि मी गप्प बसले नाही."

 आई ह्या वेळी माझ्याकडे बघत होती, ताटांकडे नाही.

"म्हणून तू भिऊ नकोस," मी तिला म्हणाले. "मी मागे उभी राहिले म्हणून गप्प होणार नाहीये. मी विचारत नाहीये, सांगतेय. उद्या मी गाण्याच्या बाईंना भेटून ग्रुप सोडतेय, मधला माइक टाचणी घेईल, आणि येत्या रविवारपासून मी डबल बेस शिकणार आहे."